रंगाचा डबा उघडण्याआधी कॅमेरा आत येऊ द्या

रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक, कारखान्यांचे अधिकारी, वारसा समित्यांचे सभासद, संग्रहालयांची व्यवस्था पाहणारे आणि दारात एखादं जुनं यंत्र मांडून ठेवलेल्या तमाम कार्यालयांचे प्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगतो, म्हणजे पत्र अर्ध्यावर बाजूला ठेवलंत तरी काम होईल. तुमच्या आवारातल्या जुन्या इंजिनाला, डब्याला, वाफेच्या क्रेनला रंग द्यायचं ठरलं किंवा ते भंगारात काढायचं ठरलं, तर त्याआधी त्याचे नीट फोटो निघू द्या. चारही बाजूंनी, खालून, आतून, पाट्या आणि आकड्यांसकट. तुमच्याकडे माणूस नसेल तर आमच्यासारखे हौशी लोक गावोगाव आहेत. आम्ही पैसे मागत नाही, फक्त आत सोडा.

मी ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केलेला माणूस. यंत्राकडे बघायची सवय तिथली, कॅमेरा नंतरचा. त्यामुळे सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर इंजिनाची काळी आकृती वगैरे फोटोंचं मला फार कौतुक नाही. दिसायला झकास असतात, पण त्यातून कळत काहीच नाही. मला हवा असतो तो बफर, कपलिंग, पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, रिव्हेट आणि पाटी स्वच्छ दाखवणारा कंटाळवाणा फोटो. हे पत्र त्या कंटाळवाण्या फोटोंसाठी आहे.

राज्यातल्या कितीतरी स्थानकांबाहेर चौथऱ्यावर एक इंजिन उभं असतं. भोवती लोखंडी कठडा, कडेला शेवंतीच्या कुंड्या, समोर उद्घाटनाची संगमरवरी कोनशिला. कोनशिलेवर मान्यवरांची नावं हुद्द्यांसह असतात. इंजिन कुठल्या कारखान्यात झालं, कुठल्या मार्गावर चाललं, याचा मात्र पत्ता नसतो. ती माहिती खरं तर इंजिनाच्याच अंगावर लिहिलेली असते. बनवणाऱ्याने पितळेची किंवा ओतीव लोखंडाची पाटी ठोकलेली असते आणि तिच्यावर कारखान्याचं नाव, शहर, अनुक्रमांक आणि साल असतं. पण दर पाहुण्याच्या दौऱ्याआधी इंजिनाला ऑइल पेंटचा एक हात बसतो आणि तो पाटीवरूनही फिरतो. काही वर्षांत अक्षरं गुळगुळीत होतात.

अशीच एक पाटी मी एका जिल्ह्याच्या गावी पाहिली. समोरून पाहिलं तर नुसता लाल लंबगोल. बरोबरच्या मित्राने बॅटरी पाटीला अगदी चिकटवून, कडेने तिरपी धरली. तशा उजेडात उठावाची सावली पडते. आधी शहराचं नाव उमटलं, मग सालाचे पहिले तीन आकडे. चौथा आकडा एक आहे की सात, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. रॉकेल, चिंधी आणि धीर एवढ्यावर मिटला असता. पण कठड्याच्या आत यायला मनाई होती, आणि आमचा हात जेमतेम कठड्यातून पोचत होता.

त्याच इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर ठोक्याने उमटवलेला एक क्रमांक होता आणि तो इंजिनाच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. यात नवल नाही. शेडमध्ये एका जातीची चार इंजिनं असली की एकाचा दांडा दुसऱ्याला लागायचा, आणि काम भागायचं. पण त्या चार आकड्यांत कळतं की या इंजिनाचं एक भावंड होतं, ते आधी मोडलं आणि त्याचा हा दांडा. पुढच्या वेळी पॉलिश पेपर मारणाऱ्या पोराला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला ‘चकाचक कर’ एवढंच सांगितलेलं असतं.

इंजिनं बनवणाऱ्यांना फोटोची किंमत तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळत होती. इंग्लंडातले जुने कारखाने नवं इंजिन ग्राहकाला धाडण्याआधी त्याला चक्क करडा रंग द्यायचे. काळ्या चकचकीत अंगावर उजेड परावर्तित होतो आणि तपशील बुडतो; करड्यावर प्रत्येक नट दिसतो. फोटो झाला की मग खरा रंग. पुष्कळदा कॅमेऱ्याकडची एकच बाजू करडी करायचे, तेवढीच काटकसर. विक्रीसाठी आणि नोंदीसाठी त्यांनी केलेली ही मेहनत आज इतिहासाचं साधन झाली आहे. इथे आपण उलटं करतो: आधी चकाकी आणतो आणि फोटो काढायचाच राहतो.

माथेरानचं उदाहरण घ्या. नेरळ-माथेरान ही दोन फुटी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने १९०७ साली सुरू झाली, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तिच्या पहिल्या चार इंजिनांची खरी गंमत मात्र पोटाखाली आहे. जर्मनीच्या ओरेनश्टाइन आणि कोपेल कंपनीने ती बनवली. घाटातली वळणं इतकी आवळलेली की तीन जोड्या चाकांचं ताठ इंजिन तिथे रुळावरून उतरलंच असतं. म्हणून टोकाच्या चाकांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस (ॲक्सल) दिले. आतला भरीव आस सांगाड्यात आपल्या जागी फिरतो. चाकं बसवलेली असतात त्याच्यावरच्या पोकळ आसावर. दोघांना मधोमध गोलाकार सांधा जोडतो, त्यामुळे फिरण्याचा जोर चाकांना मिळतो आणि वळण आलं की चाकांची जोडी थोडी तिरकीही होते, थोडी सरकतेही. कठड्याबाहेरून यातलं काही दिसत नाही. दिसतं ते एक गोंडस, खेळण्यासारखं इंजिन आणि त्याच्यापुढे सेल्फी. कॅमेरा जमिनीला टेकवून, खाली मऊ उजेड सोडून काढलेला एक फोटो मेकॅनिकलच्या पोरांना धडाभर शिकवील. या चारांतलं ७४० क्रमांकाचं इंजिन आज इंग्लंडमध्ये आहे. तिकडच्या हौशी मंडळींनी त्याचे सुटे भाग मांडून फोटो काढलेत, आकृत्या केल्यात. आपल्याकडचा तपशील आपण तिकडून मागवायचा, हे मला तरी बरं वाटत नाही.

बार्शी लाइटचंही तेच. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर किती वजन, किती वेगाने नेता येईल याचा हिशेब मांडून ही रेल्वे आखली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीकडे गाडी धावू लागली. (हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला. माणसं कुठून कुठे जातात.) प्रत्येक आसावर सारखं वजन, वळणाऱ्या चाकगाड्यांवर (बोगींवर) बसवलेले लांब डबे, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे. नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, हे हलकंफुलकं प्रकरण, हा समज त्याने खोटा ठरवला. आषाढी-कार्तिकीला याच डब्यांच्या टपावर बसून वारकरी पंढरपूरला गेले. मिरज-कुर्डुवाडी भाग या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या रुळांचा झाला आणि ते जग मिटलं. त्या गाड्यांचे जे चांगले फोटो आज सापडतात, त्यातले पुष्कळ वाफेच्या इंजिनांच्या शोधात आलेल्या परदेशी हौशींचे आहेत. उपकारच म्हणायचे त्यांचे. पण ते लोक इंजिनाचे वेडे. गाडीचा फोटो म्हणजे इंजिन आणि मागे धुरात विरत गेलेले डबे. आतली बाकं कशी होती, दिवा कुठे होता, खिडकीची झडप लाकडी पट्ट्यांची की पत्र्याची, दारावर कुठली अक्षरं होती, हे शोधू गेलं की हाती धुपाटणं.

आमच्या हौशी मंडळींचाही हा दोष आहेच. इंजिन म्हणजे नायक, डबा म्हणजे गर्दीतला माणूस. वास्तविक आपण प्रवास डब्यात केला. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. जुन्या लाकडी डब्याच्या अंगावर रंगाच्या थराखाली तो रोमन आकडा कधी कधी अजून जाणवतो. पण कारखान्यात डबा आला की सगळ्यात आधी खरवडणी होते.

आणि जुना डबा म्हटलं की सागवानी सलूनच डोळ्यांपुढे आणू नका. राजेरजवाड्यांचे सलून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात सुरक्षित आहेत, त्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत. मला चिंता आहे ती आपल्या नेहमीच्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याची. मद्रासमधल्या पेरांबूरला स्विस तंत्राने १९५५ पासून हे डबे बनू लागले आणि जानेवारी २०१८ मध्ये शेवटचा डबा बाहेर पडला. आता ते झपाट्याने मोडीत निघताहेत. काहींच्या खिडक्या बंद करून मोटारगाड्या वाहायला लावतात, काहींची हॉटेलं होतात. सीएसएमटीबाहेरच्या डब्यातल्या हॉटेलाबद्दल माझी तक्रार नाही, डबा भंगारात जाण्यापेक्षा तिथे चार माणसं जेवलेली बरी. पण बाकं आणि बर्थ उपटण्याआधी कुणी आत कॅमेरा फिरवतं का? मधला बर्थ टांगायची साखळी, पाण्याच्या बाटलीसाठी जाळी, चप्पल ठेवून ठेवून झिजलेला पंख्याचा पिंजरा, साखळी ओढण्याच्या दंडाची पाटी, डब्याच्या टोकाला पांढऱ्या रंगात लिहिलेली ओव्हरहॉलची तारीख आणि कारखान्याचं लघुनाम. क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे बांधणीचं साल, हेसुद्धा अजून वीस वर्षांनी सांगावं लागेल. नेहमीचं आहे म्हणून कुणी टिपत नाही, आणि मग एक दिवस ते कुठेच नसतं.

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. सांगाडे इंग्लंडचे, वरचं बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यातलं. एक गाडी चंदेरी, तिच्यावर लाल पट्ट्या; दुसरी निळी, सोनेरी रेघांची. त्या काळच्या कृष्णधवल फोटोत चंदेरीही करडी आणि निळीही करडी, त्यामुळे निळा नेमका कुठला यावर पुण्यात आजही दोन तास वाद घालता येतो. निदान त्या पिढीकडे रंगीत फिल्म नव्हती ही सबब होती. खिशात चांगला कॅमेरा बाळगणाऱ्या आपल्या पिढीला कुठली सबब सांगता येईल?

आता अडचणीकडे येतो. एका जंक्शनवर साइडिंगला उभी असलेली वाफेची क्रेन मी फलाटावरूनच टिपत होतो. गणवेशातले एक गृहस्थ आले, कॅमेरा बंद करायला लावला, कार्डावरचे फोटो पुसायला लावले. नियम कुठला, ते सांगता आलं नाही. ‘वरून ऑर्डर आहे’ एवढंच. त्याच फलाटावर त्याच वेळी निदान शंभर माणसं फोनवर व्हिडिओ काढत होती. म्हणजे आक्षेप फोटोला नव्हता, ट्रायपॉडला होता. लक्षपूर्वक बघणारा माणूस संशयित आणि निष्काळजीपणे टिपणारा निर्दोष. दुसऱ्या एका ठिकाणी तर चौथऱ्यावरच्या इंजिनावर लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. नवरी घागऱ्यासकट बॉयलरच्या कडेच्या फळीवर, नवरदेव खाली गुडघ्यावर, धुरासाठी रंगीत डबी पेटवलेली. रीतसर शुल्क भरलेलं होतं, त्यामुळे कुणी हटकलं नाही. मोजपट्टी घेऊन आलेल्या आम्हा दोघांना मात्र कठड्याबाहेर काढलं. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून आम्ही चहा प्यायला गेलो.

सुरक्षेचा मुद्दा मला मान्य आहे. रुळांवर उतरून रील काढणाऱ्यांचा मला तुमच्याइतकाच, कदाचित जास्त संताप येतो. त्यांच्यापायी आमच्यावरही बालंट येतं. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत घुसणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो, तो खुशाल करा. पण चौथऱ्यावर कायमचं उभं असलेलं, आग विझून अनेक दशकं झालेलं इंजिन हे काही लष्करी गुपित नव्हे. तिथे काय चालेल आणि काय नाही, हे मराठीत चार ओळींत लिहून फलक लावा. शिपायालाही सोपं, आम्हालाही.

कारखान्यातल्या वस्तूंसाठी वेगळी सोय करता येईल. महिन्यातून एक सुट्टीचा दिवस ठरवा, कारण त्या दिवशी क्रेन आणि यंत्रं बंद असतात. आधी नावं आणि ओळखपत्रं घ्या, पाच-सहा जणांपेक्षा जास्त नकोत. बंद बूट, हेल्मेट, बरोबर तुमचा एक माणूस. जे फोटो निघतील त्यांची एक प्रत, वाहनाचा क्रमांक, जागा आणि तारीख नोंदवून, तुमच्या दप्तरात जमा. ज्याला फक्त स्वतःच्या भिंतीवर टाकायला फोटो हवेत तो आपोआप गळेल.

आणि त्या दिवशी एखाद्या निवृत्त फिटरला, ड्रायव्हरला किंवा खलाशालाही (कारखान्यातल्या मदतनिसाला) बोलवा. नुसता फोटो अर्धवट असतो. एका जुन्या फिटरकाकांना मी नॅरोगेज इंजिनाच्या बाजूचा मोठा प्रिंट दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बॉयलरकडे जाणाऱ्या नळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही मुळातली नाही. कंपनीची सरळ होती, सारखी गळायची. आम्हीच वाकवून लांबून घेतली, मग थांबली.” मूळ आराखड्यात ती नळी सरळच आहे. उद्या कुणी आराखडा बघून ती ‘दुरुस्त’ करील आणि त्या शेडमधल्या माणसांची करामत पुसली जाईल. या वयाची माणसं आता थोडी उरली आहेत, तेव्हा फाइल फिरवायला फार वेळ लावू नये ही विनंती.

हौशी लोक काय दिवे लावणार, असं कुणाच्या मनात आलं असेल तर सांगतो. दिल्लीच्या संग्रहालयाची पायाभरणी ज्यांच्या ध्यासातून झाली ते माइक सॅटो पेशाने रेल्वेवाले नव्हते, एका रसायन कंपनीचे अधिकारी होते. पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचे अवशेष सरकारी आवारात गंजत पडलेले त्यांनी हुडकले. अमृतसरच्या कारखान्याने त्यातून गाडी पुन्हा उभी केली आणि ती दिल्लीला चालून दाखवली जाते. पुण्याच्या भाऊ जोशींनी रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं आख्खं संग्रहालय हौसेपोटीच उभं केलं. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ मध्ये झालं ते फार योग्य वेळी झालं, कारण पुढे २०१५ मध्ये छिंदवाड्याकडची आणि २०१९ मध्ये नागभीडची छोटी गाडी बंद पडली. विदर्भातल्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीच्या नशिबी तेवढं तरी येऊ द्या. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर मँचेस्टरला घडलेल्या इंजिनाने १९९४ पर्यंत गाडी ओढली. आता रुळांत झुडपं वाढलीत. स्थानकांच्या खोल्यांतले तिकिटांचे खण, हाताने ओढायचे सिग्नलचे दांडे, पाण्याच्या टाक्यांचे ओतीव खांब यांची नोंद आजच झाली तर होईल. विदर्भातली कितीतरी मंडळी स्वतःच्या खर्चाने हे करायला तयार आहेत.

चांगलं कुठे चाललंय तेही म्हटलं पाहिजे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात घाटातला ‘खेकडा’ उभा आहे, १९२८ च्या सुमारास आलेल्या एकेचाळीस मालगाडी इंजिनांपैकी एक. विजेवर चालणारं असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे, मधे सांध्याने जोडलेलं अंग, आणि चढावर ओढताना खर्चलेल्या विजेतली काही उताराला ब्रेक लावताना तारेत परत. तिथे पोरं जवळ जाऊन बघतात, फोटो काढतात, कुणाचं काही बिघडत नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्याच्यावर एखादं छप्पर असतं तर अधिक बरं, पण ते वेगळं पत्र.

साखर कारखाने, छापखाने, पाणीपुरवठ्याची जुनी पंपघरं, एसटीचे डेपो यांनाही हेच सांगणं आहे. १ जून १९४८ ला पुणे-नगर धावलेल्या पहिल्या बेडफर्ड गाडीची आठवण दर वर्धापनदिनाला निघते. तशी गाडी आतून कशी होती, हे दाखवणारे फोटो कुणाच्या घरच्या अल्बमात असतील तर तेही मागवा. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या घरी असतात. पिठाच्या गिरणीतलं, धुराड्यावर डबा लावून पुकपुक करणारं इंजिन तर माझ्या डोळ्यांदेखत गावागावातून गेलं, आणि त्याचा धड एक फोटो माझ्याकडे नाही, कारण ते कायम तिथे असणारच होतं.

तर अर्ज कुणाच्या नावे, कुठल्या टेबलावर द्यायचा तेवढं जाहीर करा. जूनच्या आत उत्तर आलं तर उत्तम, कारण काळ्या इंजिनासाठी पावसाळी ढगाळ उजेडासारखा उजेड नाही. सावल्या कडक पडत नाहीत आणि खालचे भागही उजळतात. कॅमेरा, ट्रायपॉड, बॅटऱ्या, मोजपट्टी, रॉकेल आणि चिंध्या आम्ही आणू. शिडी मात्र तुमची लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, डोंबिवली